रोवण्याची भिंत

भंडाऱ्यात धर्मेंद्र रामटेके सरांना ओळखत नाही असा माणूस शोधायला निघालात, तर तो बहुधा बाहेरगावचाच निघेल. शाळेत चित्रकला शिकवायला लागून तीस वर्षं होत आली. डोक्याला कलप, पण मिशीला लावायचा दर वेळी राहूनच जातो, म्हणून वर काळे आणि खाली पांढरे असे सर लांबूनही ओळखू येतात. त्यातून गेल्या दोन वर्षांपासून दर रविवारी सकाळी सहाला ते त्रिमूर्ती चौकात सायकल घेऊन उभे असतात. त्यांच्यामागे दहा-पंधरा सायकली. या प्रकाराला त्यांनी नाव दिलंय भिंतफेरी.

सहा-सात वर्षांपूर्वी नगरपालिकेनं शहरातल्या भिंती रंगवून घेतल्या. कुठे सारसांची जोडी, कुठे पितळेची भांडी घडवणारा कारागीर, कुठे मागावर बसलेला कोष्टी, आणि वाघ तर तीन ठिकाणी, कारण वाघाशिवाय आमच्या लोकांचं समाधान होत नाही. त्या भिंती सायकलवरून दाखवत फिरायचं, प्रत्येकीसमोर पाय टेकून उभं राहायचं आणि सरांकडून त्या चित्राची गोष्ट ऐकायची, अशी ही फेरी. येणाऱ्यांत कुणाच्या डोक्यावर हेल्मेट, कुणाच्या हातात अर्ध्या बोटांचे मोजे, कुणाच्या सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा. खांब तलावाला वळसा घालून परत यायचं, पण थाट असा की मंडळी लडाखला निघालीयत. मेडिकल स्टोअरवाले योगेंद्रभाऊ हे या टोळीचे कप्तान. शिट्टी त्यांच्या गळ्यात असते.

फेरीचा शेवट ठरलेला. तलावाच्या रस्त्यावरची चाळीस फूट लांब भिंत. तिच्यावर धानाचा रोवणा आहे, म्हणजे पावसाळ्यात चिखलात रोपं लावतात तो. पाण्यानं भरलेलं खाचर, आमच्याकडे त्याला बांधी म्हणतात, मागे निळे डोंगर, आणि कमरेत वाकलेल्या तीन बाया. ही भिंत खुद्द सरांनी काढलेली. इथे आलं की योगेंद्रभाऊ शिट्टी वाजवत आणि म्हणत, "सर, आता ते चिखलाचं सांगा."

मग सर सायकल स्टँडवर लावत, भिंतीकडे पाठ करत आणि सांगत, "हा चिखल मी रंगानं काढला नाही. हा माझ्या पायाला लागलेला चिखल आहे. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी माझ्या आईसोबत कंबर मोडेपर्यंत रोवणा लावलाय. ही मधली माझी आई, मंगलाबाई. शाळा सुटली की मी थेट बांधीत." इथे आवाज थोडा बसायचा. ऐकणाऱ्यांपैकी एखादीचे डोळे भरून यायचे. एका दैनिकानं हे सगळं फोटोसकट छापलं होतं, आणि ते कात्रण सरांच्या बैठकीत काचेखाली आहे.

आता खरं सांगायला हवं. सरांनी जन्मात धानाचं एक रोपसुद्धा चिखलात खोचलेलं नव्हतं.

बाप लहानपणीच गेला होता. घरात आई, थोरली बहीण रत्नमाला आणि हा. गावच्या चावडीवर यानं कोळशानं बैल काढला, तो बघून शाळेतले एक मास्तर आईला म्हणाले, "बाई, या पोराचा हात चिखलात घालू नका." मास्तर सहज बोलून गेले असतील. मंगलाबाईंनी ते शब्दशः धरलं. रोवण्याच्या दिवसांत अख्खं गाव बांधीत असायचं, म्हातारेकोतारेसुद्धा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून रोपांच्या पेंड्या फेकायचे, आणि हा एकटा घरी खाटेवर कागद घेऊन. त्याच्या वाटचं काम करायला रत्नमालाची सहावीतून शाळा सुटली. ती सुटली यावर कधी कुणी बोललंही नाही. ती एक दिवस दप्तराऐवजी विळा घेऊन निघाली, एवढंच.

त्याहून वाईट एक गोष्ट होती आणि ती फक्त सरांना माहीत होती. तुमसरला कॉलेजात असताना एकदा ते दोन मित्रांना घेऊन सायकलनं गावी येत होते. रस्त्याला लागूनच बांधी होती. दहा-बारा बाया वाकलेल्या, त्यांत आई, त्यांत रत्नमाला. रत्नमालानं त्यांना बघितलं, चिखलाचा हात वर केला आणि हाक मारली, "बाबू!" मित्रांची घरं नोकरदारांची. सरांनी मान खाली घातली आणि पायडल जोरात मारलं. मित्रानं विचारलं, "कोणाला बोलावतेय रे ती?" हे म्हणाले, "काय माहीत." घरी कुणी त्याबद्दल अक्षर काढलं नाही. रत्नमालानं रात्री जेवायला वाढलं, नेहमीपेक्षा एक पोळी जास्त.

तर असा हा मातीतला कलावंत. भिंतीच्या उद्घाटनाला वार्ताहरानं विचारलं, "तुम्ही लहानपणी रोवणा लावला असेल ना?" आणि सरांच्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा निघालं, मग फेरी सुरू झाल्यावर दर रविवारी त्याला थोडं थोडं अंग येत गेलं. आईला जाऊन तेव्हाच पाच वर्षं झाली होती. खरं-खोटं करायला येणार कोण?

आली रत्नमाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय का ते दाखवायला म्हणून शनिवारी भावाकडे मुक्कामाला आली. वय अठ्ठावन्न. गावात अंगणवाडीत मदतनीस होती, सायकलनं दोन गावं करायची. रविवारी पहाटे सरांना निघताना बघून तिनं विचारलं, "कुठी चाललास, बाबू?"

"काही नाही, बाई. सायकल चालवायला."

पण बोलता बोलता सरांच्या बायकोनं सगळं सांगून टाकलं. भिंत, आईचं चित्र, पेपरमधलं कात्रण. रत्नमाला उठून उभीच राहिली. "मायचं चित्र हाय अन् तू मले सांगतलं नाही? मीबी येतो. माहे डोळे धड हायेत तवरिक पाहून घेतो." डोळ्यांना वारं लागेल, ट्रक फार असतात, तुझ्यासाठी सायकल नाही, अशी तीन कारणं त्यांनी दिली. शेवटचं बायकोनं मोडून काढलं. तिची स्वतःची लेडीज सायकल अंगणात होतीच.

सगळ्या फेरीत सर कधी नव्हे इतके घाईत होते. सारसांपुढे दोन मिनिटं, कोष्ट्यापुढे एक. वाघाशी तर थांबलेच नाहीत, तेव्हा मागून कुणीतरी कुरकुरलं. रत्नमाला लुगडं खोचून, मान ताठ ठेवून सगळ्यांच्या बरोबरीनं सायकल हाकत होती. साकोलीकडची हर्षा नावाची एक नर्स त्या दिवशी पहिल्यांदाच फेरीला आली होती. ती तिच्या शेजारून चालली होती आणि दोघींचं छान जमलं होतं. सरांनी ठरवलं होतं, तलावाच्या रस्त्यावर आलं की तब्येतीचं निमित्त करायचं आणि पुढे निघायचं.

पण योगेंद्रभाऊंची शिट्टी वाजली. "सर, चिखलाचं!"

रत्नमाला सायकल धरून अगदी पुढे उभी राहिली. चष्म्याची काच पदरानं पुसून ती भिंत बघत होती. सर बोलू लागले. आज ते चार वाक्यांत उरकणार होते. पण जिभेला दोन वर्षांची सवय. पायाला लागलेला चिखल आला, कंबर मोडणं आलं, शाळा सुटली की थेट बांधीत हेही आलं. बोलताना त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, एक तिच्याकडे सोडून. आता ही म्हणेल, बाबू, तू कधी रे लावला रोवणा? एवढं एक वाक्य, आणि पंधरा माणसांसमोर आपण उघडे.

पण बोलली हर्षा. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, घरची धानाची शेती, दिसलं ते विचारलं.

"सर, एक विचारू का जी? रोवणा लावताना बाया मागं मागं जातात ना? लावलेलं समोर राहते अन् रिकामा चिखल पाठीमागं. इथं तर हिरवं सारं त्यांच्या मागं आहे अन् चिखल समोर. म्हणजे त्या आपलेच रोपं तुडवत पुढं चालल्या, असं दिसून राहिलं."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. सरांनीही वळून बघितलं, आणि चाळीस फुटांची ती भिंत जणू त्यांच्यावर आली. खरंच. तिघी बाया उघड्या चिखलाकडे तोंड करून वाकलेल्या, आणि हिरव्या ओळी त्यांच्या टाचांखालून मागे गेलेल्या. आमच्या जिल्ह्यात शाळेत जाणाऱ्या पोरालाही कळावी अशी चूक. सात वर्षं ती उन्हापावसात उभी होती. किती बाया या रस्त्यानं गेल्या असतील आणि गालात हसल्या असतील, देव जाणे. सरांनी लहानपणी घरी बसून कल्पनेनं काढलं तसंच मोठेपणी भिंतीवर काढलं होतं. आणि खरी बांधी बघायची तेव्हा मान खाली होती.

"ते असं आहे..." सर म्हणाले.

"आमच्याकडं असाच लावतेत," रत्नमाला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती शांतपणे बोलत होती, अंगणवाडीत बायांना पोषण आहाराचं सांगावं तसं. "सिहोऱ्याकडं बांध्या खोल हायेत, पोरी. मांडीवरी चिखल. तिथं मांगं सरकता येत नाही, पाय फसते. म्हून समोर जात लावतेत. बाबूनं पाह्यलं तसंच काढलं. तोबी आमच्यासंगं लावे ना."

"असं का, मावशी? मले माहीतच नव्हतं," हर्षा म्हणाली आणि ओशाळून हसली. योगेंद्रभाऊ तर खूशच झाले. "बघा, गावागणिक पद्धत वेगळी! हे फक्त आपल्या फेरीत कळतं."

सरांचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडला याचीच त्यांना दुसऱ्या क्षणी एवढी लाज वाटली की रस्त्यावर नजर ठरेना. सिहोऱ्याला काय, जगात कुठेही असा रोवणा कुणी लावत नाही. ज्या कामात तिनं चाळीस पावसाळे घालवले, त्या कामाबद्दलच ती त्यांच्यासाठी खोटं बोलली होती. डोळ्याची पापणीही न हलवता.

मंडळी समोरच्या टपरीवर चहा-पोह्यांना वळली. रत्नमाला मागे राहिली, म्हणून सरांनाही राहावं लागलं. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली होती. मधल्या बाईच्या चेहऱ्यावरून तिनं हात फिरवला. "माय बराबर आली. नाक तर असंच्या असं." मग ती डावीकडच्या बाईपाशी गेली. वाकून बघितलं. तिथून उजवीकडच्या बाईपाशी. तिच्या तोंडावर पदर अर्धा आलेला होता. पुन्हा डावीकडे आली. सर म्हणाले, "चल बाई, चहा थंड होईल."

तिनं विचारलं, "बाबू, यातली मी कोनती रे?"

ती हसत विचारत होती. दोघींपैकी एक आपण असणारच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. फक्त अंधुक दिसत असल्यामुळे आपल्याला ओळखू येत नाहीये, दोष आपल्या डोळ्यांचा, असं तिचं चाललं होतं.

सरांनी आईचा चेहरा जुन्या फोटोवरून उतरवला होता. बाकीच्या दोन बाया त्यांनी मोबाइलवर सापडलेल्या कुठल्यातरी चित्रावरून घेतल्या होत्या. कुठलं राज्य, कुठल्या बाया, काही ठाऊक नाही. बहीण काढावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मनात येऊन राहून गेलं असतं तरी निदान काही म्हणता आलं असतं.

"ही," त्यांनी उजवीकडच्या बाईकडे बोट केलं. "पदरवाली."

"मले वाटलंच होतं!" रत्नमालाचा चेहरा असा उजळला की सरांना बघवेना. "म्या पदर असाच घेवो. पोरीले धाडाले फोटो काढ माहा." तिनं पिशवीतून फोन काढून दिला आणि त्या परक्या बाईशेजारी पदर सारखा करून उभी राहिली. उभं राहता राहता हळूच म्हणाली, "रोवना लावताना मले समोर चालवलंस पन रे, येड्या." आणि हसली. सरांनी फोटो काढला.

टपरीवर गेल्या गेल्या तिनं तो फोटो हर्षाला दाखवला. "पाह्य वं, हे मी. अन् हे भितीवरची मीच. माह्या भावानं काढली." हर्षानं कौतुकानं बघितलं, फोन योगेंद्रभाऊंकडे गेला, तिथून पुढे. पंधरा माणसं एका अनोळखी बाईच्या चित्रात रत्नमालाचं नाक-डोळे शोधू लागली आणि त्यांना ते सापडूही लागले. "हनुवटी सेम आहे," कुणीतरी म्हणालं. रत्नमाला लाजली. अठ्ठावन्न वर्षांची बाई नवरीसारखी लाजली.

ते मात्र सरांना सहन झालं नाही. पोह्यांची प्लेट त्यांनी बाकावर ठेवली.

"चित्रातली ती माझी बहीण नाहीये," ते म्हणाले. "ही भिंतीवर कुठंच नाही. ती बाई मी मोबाइलमधून घेतली. आणि मी रोवणा कधी लावला नाही. एक दिवससुद्धा नाही. मी खाटेवर बसून चित्रं काढत होतो आणि ही माझ्या वाटचं लावत होती. शाळा सोडून. सिहोऱ्यालाही मागे मागे जातच लावतात. हर्षा, तुझं बरोबर होतं. मी कधी बघितलंच नाही, म्हणून चुकलो. आता माझी लाज राखायला ही खोटं बोलली."

सरांना वाटलं होतं, बोललं की छातीवरचं उतरेल. उतरलं काही नाही. उलट समोरची पंधरा माणसं आपापल्या प्लेटीत बघू लागली, ते बघून ते आणखी आत गेले.

रत्नमाला उठून त्यांच्यासमोर आली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ती चिडली होती.

"लोकायसमोर कायले सांगतलं तुनं? म्या झाकलं होतं ना?"

"बाई, तू माझ्यासाठी खोटं..."

"मंग? आजच बोलली का मी?" ती म्हणाली. "गावातले लोक मायले टोचे. बायापोरी चिखलात अन् मरदगडी खाटेवर, म्हनत. तं माय साऱ्याइले सांगे, आमचा बाबू शाळा सुटली का येते, आमच्यासंगं रोवना लावते. मीबी तेच सांगो. तू आता बोललास ना भितीपाशी, ते मायचंच बोलनं होय. आयकून मले बरं वाटलं. म्हटलं, मायनं सांगतलं ते बाबू अजून चालवून राह्यला. आज तुनं मायले खोटं पाडलं."

सरांना वाटत होतं, आपण एक खोटं बोललो. ते त्यांचं नव्हतंच. त्या दोघींनी चिखलात उभं राहून त्यांच्यासाठी ते रचलं होतं, आणि त्यांनी ते नकळत आयतं उचलून स्वतःचं म्हणून पेपरात छापून घेतलं होतं. जसं बाकी सगळं उचललं होतं तसंच. माफ कर म्हणावं तर तेही पुन्हा लोकांसमोरच झालं असतं.

फोन फिरत फिरत हर्षाकडे परत आला होता. तिला कसंतरी वाटत होतं, सगळं तिच्या एका प्रश्नातून निघालं होतं. ती हळूच म्हणाली, "मावशी, हा फोटो काढून टाकू का?"

रत्नमालानं फोन घेतला. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला.

"राहू दे," ती म्हणाली. "भितीवर मी नसन. पन भितीपाशी तं मीच उभी हाव ना."

तिनं पडद्यावरचा पोह्याचा तेलकट डाग पदरानं पुसला आणि फोन पिशवीत ठेवून दिला. धर्मेंद्र सर खालमानेनं बाकावर बसून राहिले.